कच्चा टाका

फिजिओथेरपीच्या मुलीने मला टेबलावर उताणं झोपवलं, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि कागदावर लिहितालिहिता सहज म्हणाली, "काका, डावा पाय पावणेदोन सेंटीमीटर आखूड आहे तुमचा." मला हसूच आलं. आधी ते तिच्या टेप धरण्यावरून आलं. टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून धरायचं असतं. तिने ते चिमटीत धरलं होतं, म्हणजे सुरुवातीलाच दोन सूत, पाव इंच तरी, हवेतच. शिवाय आडव्या माणसाचं माप कोण घेतं? मी तिला म्हटलं, बाई, एकोणचाळीस वर्षं मी पँटा कापतोय. अंगावरची ही पँटही मीच कापलेली, दोन्ही पाय एका मापाचे, आणि दोन्ही बुटांवर ते अगदी सारखे टेकतात. पावणेदोन सेंटीमीटरचा फरक असता तर एका बाजूला कापड लोळलं असतं आणि ते मला समोरच्या फुटपाथवरून दिसलं असतं. पाहिजे तर परत मोजा. तिने परत मोजलं. पावणेदोन. "सवय झाली की जाणवत नाही, काका," असं ती समजुतीच्या सुरात म्हणाली. ही शेजारी स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ही म्हणजे माझी बायको. त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. हे मला नंतर आठवलं.

मग सर्जन. त्यांचा उजवा खांदा पाऊण इंच उतरलेला होता, आणि कोट शिवणाऱ्याने तिथे आतून भर घालून ते झाकलं होतं. चांगलं काम होतं. मी अर्थातच बोललो नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असतो, एक पाय आखूड असतो, पोट एका अंगाला झुकलेलं असतं. ते बघायचं, मापाच्या वहीत त्याच्या नावासमोर एक बारीक खूण करायची, आणि कापताना तेवढं सांभाळून घ्यायचं. गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. तो आरशात बघतो, त्याला वाटतं आपण सरळ आहोत, आणि खूश होऊन जातो. सर्जनने मात्र मला सगळं सांगितलं. उजेडाच्या पाटीवर माझ्या हाडांचा फोटो लावून त्यांनी पेनच्या टोकाने दाखवलं की दोन्हीकडे, मांडीच्या हाडाची गोटी आणि कमरेची वाटी यांच्यामध्ये जी फट हवी ती राहिलेलीच नाही, हाडावर हाड घासतंय. दोन्ही खुबे बदलावे लागणार. प्रश्न एवढाच होता, की दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये, की आधी एक आणि तीन महिन्यांनी दुसरा. एकदम केले तर भूल एकदाच, हॉस्पिटल एकदाच, चालायला शिकणं एकदाच. पण रक्त जास्त जातं आणि हृदयावर ताण जास्त येतो. माझ्या हृदयाच्या तपासणीत त्यांना थोडं काहीतरी दिसलं होतं. घाबरण्यासारखं नाही, म्हणाले, पण हिशेबात धरावं लागेल. एकेक केले तर धोका कमी, पण सगळं दोनदा, आणि मधले तीन महिने एक नवा पाय आणि एक जुना. "तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील," ते म्हणाले. "घरी बोला. गुरुवारी सांगा." तो सोमवार होता.

लिफ्टची वाट बघताना मी हिला म्हटलं, एकदम करून टाकू. ती म्हणाली, "एकेक करा." मी म्हटलं, का? तिने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. ही पाणीखात्याच्या तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसं येऊन नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, नळ बंदच होत नाही, असं ओरडत असतात, आणि ही ते वहीत लिहून घेते. घरी आल्यावर तिच्याकडे बोलणं शिल्लक राहत नाही. मला वाटायचं, ते सगळं माझ्याच वाट्याला आलंय, म्हणून घरात मीच बोलतो. बसमध्येही मीच बोलत होतो. भूल दोनदा म्हणजे काय गंमत आहे का, तुझी रजा दोनदा, काठी दोनदा, आणि मधल्या तीन महिन्यांत मी काय एका पायावर टेबलाशी उभा राहू? ती ऐकत होती. उतरायच्या थांब्यावर तिने नेहमीसारखं आधी उतरून माझ्यासाठी हात पुढे केला, मी नेहमीसारखा तो न बघितल्यासारखं करून दांडा धरला, आणि उजवा पाय आधी खाली टाकला. उजवा माझा चांगला पाय. म्हणजे तसं मी त्याला म्हणत होतो, फोटो बघेपर्यंत.

एकदम करायचं, हे माझ्या हाडातच होतं असं म्हणायला हरकत नाही, हाडं होती तोपर्यंत. मंगळवारी कामावर गेलो तेव्हा टेबलावर राखाडी कापडाचा तागा वाट बघत होता. पँटचं कापड मधोमध दुमडायचं, उलटी बाजू वर, काठावर काठ बसवायचा, तळहाताने मधली हवा बाहेर काढायची, वर खडूने आखायचं आणि दोन्ही थर एकाच कात्रीत कापायचे. उलगडलं की डावा आणि उजवा, एकमेकांची आरशातली रूपं. एकात चूक झाली तर दुसऱ्यातही तीच होते, त्यामुळे ती दिसत नाही. वेगवेगळे कापले तर हात बदलतो, खडूची धार बदलते, सकाळची नजर आणि दुपारची नजर एक राहत नाही. हे मला माझ्या वस्तादाने शिकवलं, आणि मी ते एकदाच मोडलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेन. एका गिऱ्हाइकाने परदेशातून भावाने पाठवलेलं कापड आणलं होतं, इतकं तुटपुंजं की दुमडून दोन्ही पाय बसेनात. मी म्हटलं, मी बसवतो, उघडं ठेवून. एक पाय सकाळी कापला. मग जेवलो. जेवून आल्यावर उरलेल्या तुकड्यावर तोच नमुना तसाच ठेवला आणि दुसरा कापला. शिलाईवाल्याने ते तुकडे जोडायला घेतले आणि थांबला, आणि सगळं दुकान हळूहळू थांबलं. मी दोन डावे पाय कापले होते. नमुना पालथा करायचं मी विसरलो होतो. कापड आणणारा नुसता त्यावरून हात फिरवत राहिला. त्यानंतर मी कधी एकटा पाय कापला नाही. आजही दुकानात नवीन कोणी आला की मला लांबून 'दोन डावे' म्हणून दाखवतात, आणि मीही हसून घेतो.

पण हे मी लोकांना सांगायचं कारण झालं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या वेळी जाणार नाही, याची मला खात्री होती. आमच्या घराण्यात अर्धं काम चांगलं होतं. माझ्या वडिलांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, आणि दुसऱ्याचं पुढच्या हिवाळ्यात करू म्हणाले. असे नऊ हिवाळे गेले. सुईत दोरा ओवताना मान एका बाजूला अशी कलती करायचे, की मला लहानपणी वाटायचं सुई अशीच ओवतात, आणि मीही तशीच ओवायला शिकलो. शिवणाच्या परीक्षेचा पहिला भाग मी पहिल्या वर्गात पास झालो. दुसऱ्या भागाचा फॉर्म अजून कपाटात असेल. लग्नानंतर आम्ही घराला रंग द्यायला घेतला तेव्हा बाहेरची खोली मी स्वतः रंगवली, इतकी सुरेख की शेजारी बघायला आले. आतली खोली रंगवू म्हणता म्हणता मुलगी झाली, शाळेत गेली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. जाताना ती म्हणाली होती, बाबा, मी परत येईन तेव्हा तरी रंग द्या. एक खुबा झाला, दुखणं निम्मं झालं, की मी म्हणेन चाललंय की, आणि त्या निम्म्यावर आयुष्य काढीन. काठी घेऊन दुकानात येईन, टेबलाशी उभं राहता येणार नाही, मग मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून माप-वही सांभाळायला देतील. कात्री दुसऱ्याच्या हातात जाईल. मला मरायची भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती एका दिवसाची होती. त्या खुर्चीची भीती रोजची होती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी ठरवलं की त्या मुलीची चूक दाखवूनच द्यायची. दुकानात ट्रायलच्या जागी एक उंच पाट आहे आणि त्याच्या भोवती तीन आरसे, एक समोर, दोन बाजूंना. तिथे गिऱ्हाईक उभं राहतं आणि मी त्याच्या पायाशी बसतो. गेल्या वर्षभरात बसत नाही, वाकतो, आणि गेल्या चार महिन्यांत वाकतही नाही, लांबूनच खडू दाखवतो. इतक्या वर्षांत त्या पाटावर मी स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. खरं सांगायचं तर चढताना मला दोन्ही आरशांच्या चौकटी धराव्या लागल्या. सरळ उभा राहिलो आणि बघितलं. दोन्ही पाय बुटांवर सारखे टेकत होते, पुढे हलकी घडी, मागे टाचेच्या वर अर्धा इंच, डावी उजवी, तंतोतंत. मी मोठ्याने म्हटलं, बघा, पावणेदोन म्हणे. खिडकीपाशी काजवाल्या बाई डबा संपवून बसल्या होत्या. आमच्याकडची सगळी काजं आणि हातशिलाई त्या करतात, तीस वर्षं, आणि त्यांच्या नजरेपुढे माझी नजर म्हणजे काहीच नाही. त्यांनी चष्मा वर केला, माझ्या पायांकडे बघितलं, आणि विचारलं, "मास्तर, डाव्या मोहरीला तुरपाई कोणाची आहे? माझी नाही ती."

पँटच्या पायाच्या खालच्या घेराला आम्ही मोहरी म्हणतो. ती आतून दुमडून हाताने बारीक टाके घालतात, त्याला तुरपाई. बाईंची तुरपाई बाहेरून दिसतच नाही. माझ्या डाव्या पायावर मात्र कापडाचा एखादा धागा ठिकठिकाणी किंचित ओढला गेलेला होता, सांगितल्यावरच दिसला. मी पडद्याआड गेलो, पँट उतरवली आणि मोहरी उलटी केली. आत हाताचे टाके होते, जाड हाताचे, एक लांब एक आखूड, पण घट्ट. आणि त्यांच्या खाली, कापडाच्या दुमडलेल्या भागात, जुन्या टाक्यांची बारीक भोकं ओळीने होती. एक ओळ बाईंची, मूळची. तिच्या वर बोटभर अंतरात दुसरी, मग तिसरी, आणि मग आत्ताची शिलाई. कोणीतरी हा पाय तीनदा उसवून तीनदा वर घेतला होता, दर वेळी थोडा थोडा. उजवा बघितला. तोही एकदा घेतलेला, सेंटीमीटरभर. मी टेप काढला. टेपचं टोक अंगठ्याखाली धरून डावा पाय मोजला, मग उजवा. फरक पावणेदोन. पडद्याआड अर्ध्या कपड्यांत स्टुलावर बसून मी त्या भोकांवरून बोट फिरवत राहिलो. एखाद्या माणसाचं पत्र दुसऱ्याच्या खिशात सापडावं तसं झालं होतं, फक्त खिसा माझाच होता. मी आजवर जगातल्या सगळ्या माणसांचे पाय बघितले आणि माझा पाय बघायला मला माझ्याच पँटवर विश्वास ठेवावा लागला, आणि ती पँट कोणीतरी दुरुस्त करत होतं.

दुपारनंतर मी सुट्टी घेतली. घरी आलो, कपाट उघडलं, सगळ्या पँटा पलंगावर पालथ्या टाकल्या. सात. सातही तशाच. तपकिरी पँटला डाव्या पायावर भोकांच्या चार ओळी होत्या, कारण ती मी सगळ्यात जास्त वापरतो. काळ्या पँटला, जी मी फक्त कोणाच्या लग्नाला किंवा कोणाला पोचवायला घालतो, तिलाही सोडलं नव्हतं. म्हणजे लग्नात, स्मशानात, जिथे जिथे मी ताठ उभा राहिलो असं मला वाटलं होतं, तिथे. मला राग आला. तो नक्की कशाचा हे कळेना, म्हणून तो वाढत गेला. ही तक्रारीच्या खिडकीवरून येईपर्यंत मी पलंगाच्या कडेला बसून काय काय बोलायचं ते ठरवत होतो. एका कटरच्या पँटला हात लावायचा म्हणजे काय, विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि टाके तरी कसले. मग ती आली, पर्स खुंटीला लावली, पलंगाकडे बघितलं आणि दारातच थांबली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, आणि माझं सगळं ठरवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं होतील."

"मला का नाही सांगितलंस?"

ती येऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसली. तपकिरी पँट तिने मांडीवर घेतली आणि सवयीने घडी घालायला लागली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं म्हणून."

मी तिला हे सांगितलं होतं. लग्नाला महिना झाला नसेल, एका संध्याकाळी ती मला न्यायला दुकानात आली होती आणि मी मिरवायला म्हणून माप-वही उघडून त्या बारीक खुणा दाखवल्या होत्या. हा डॉक्टर, डावा खांदा. हा वकील, उजवा पाय. याच्या बायकोलाही माहीत नसेल, असंही म्हणालो होतो. तिने तेव्हा विचारलं होतं, आणि त्यांना कधीच कळत नाही? मी म्हटलं होतं, आपण नीट काम केलं तर नाही कळत. त्या वेळी मी बाविसाव्या मजल्यावरून बोलत असल्यासारखा बोलायचो. मग तिने हळूहळू सांगितलं, एकेक वाक्य, मध्ये थांबून. कपडे धुताना तिला दिसलं की डाव्या पायाची मागची कड झिजते आहे, नुसती तीच. टाचेखाली येत होती. तिने दोन दिवस मला चालताना मागून बघितलं. मग एका रविवारी मी केस कापायला गेलो असताना पहिली पँट उसवली. पहिल्यांदा फार वर घेतली, मग सोडली, म्हणून एक ओळ उगाचच आहे. "आधी डावा गेला," ती म्हणाली. "मग तुम्ही सगळा भार उजव्यावर टाकायला लागलात. मग गेल्या वर्षी उजवाही घ्यावा लागला. मला वाटलं होतं, एवढ्यावर थांबेल." ती असं बोलत होती की जणू माझे पाय म्हणजे दोन माणसं होती, तिच्या ओळखीची, आणि दोघांचं वेगवेगळं दुखणं तिने वेगवेगळं बघितलं होतं. मला वाटलं, माझे पाय माझ्याकडे नव्हतेच इतके दिवस, हिच्याकडे होते.

"म्हणून एकेक म्हणतेस?"

"दोन्ही एकदम केलेत की सगळं एका दिवसावर येतं," ती म्हणाली. "मला तो एक दिवस नको आहे. डॉक्टर म्हणतात चालेल. त्यांना चालेल. मी बाहेर बाकावर बसणार." तिने घडी घातलेली पँट पुन्हा उलगडली. "एक तरी ओळखीचा पाय घेऊन घरी या. मग दुसऱ्याचं बघू."

तिचा आवाज नेहमीचाच होता, तक्रार लिहून घेतानाचा. तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, एकेक केलं तर मी दुसऱ्यासाठी जाणार नाही. मला मी माहीत आहे. वडिलांचा डोळा, आतल्या खोलीचा रंग, सगळं सांगितलं, जणू ती या घरात राहतच नव्हती. बोलताबोलता मला रडू आलं, आणि मी ते खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला. तिने मला पाणी दिलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "ते माझ्यावर सोडा."

रात्रीच्या जेवणापर्यंत मी मनाशी वाद घालत होतो. दुमडून कापायचं ते नवं कापड. ते टेबलावर पडलेलं असतं, ते अजून कोणाचं नसतं. आमच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात आल्टरवाल्याचं टेबल आहे, तिथे लोक घातलेले, झिजलेले कपडे आणून देतात, आणि तो एकेक पाय, एकेक बाही उसवून बघतो, कुठे किती राहिलंय, कुठे किती ओढ घेईल. आम्ही कटर लोक त्याला जरा खालचा समजतो. मी तर त्याच्या टेबलाशी कधी बसलोही नाही. अंगावर असलेला, वर्षानुवर्षं घातलेला कपडा दुमडून एका कात्रीत घेता येत नाही, एवढी साधी गोष्ट, मी विचारलं असतं तर, त्याने मला सांगितली असती. गुरुवारी मी सर्जनला फोन करून एकेक म्हणून सांगितलं. डावा आधी.

ऑपरेशनबद्दल मला सांगता येण्यासारखं फार थोडं आहे. थंड खोली, पाठीत सुई, कमरेखालचं सगळं परकं होत जाणं, आणि पडद्यापलीकडे हातोडीसारखा आवाज, जो माझ्यावरच चालला होता आणि मला नुसता ऐकू येत होता. मध्ये रक्तदाब बराच उतरला होता, असं नंतर कळलं. मला एक दिवस जास्त ठेवलं. दोन्ही एकदम केले असते तर काय झालं असतं, हे मी सर्जनला विचारलं नाही. हिनेही विचारलं नाही. बाकावरून उठून ती आत आली तेव्हा तिने आधी चादरीवरून माझ्या उजव्या पायाला हात लावला, जुन्या, आणि मग माझ्याकडे बघितलं. घरी जायच्या दिवशी तिने पिशवीतून तपकिरी पँट काढली. डावी मोहरी पूर्ण सोडलेली होती, मूळच्या मापाला, काजवाल्या बाईंकडून नव्याने तुरपून आणलेली. वॉकर धरून उभा राहिलो, तर डावा पाय बुटावर असा टेकला की मला कापणाऱ्याचं कौतुक वाटलं. मग उजवीकडे बघितलं. तिथे पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके होते, एकेक इंचाचे, तपकिरी कापडावर बाहेरून, लांबूनही दिसतील असे.

कच्चा टाका म्हणजे ट्रायलचा टाका. कपडा अजून पुरा व्हायचा आहे, हे सांगणारा. तो दुकानाच्या आत असतो. माझ्या हातून कच्च्या टाक्याचा एकही कपडा एकोणचाळीस वर्षांत रस्त्यावर गेलेला नाही. एकदा एक गिऱ्हाईक घाईत तसाच कोट घालून निघाला होता, तर मी त्याच्या मागे चौकापर्यंत धावलो होतो, धावता येत होतं तेव्हा. मी हिला म्हटलं, हे काय? ती म्हणाली, उजवा व्हायचाय अजून. मी म्हटलं, तोपर्यंत पक्के घाल, आहे त्या मापाला, नंतर सोडू. ती म्हणाली, "तुमचं नंतर मला माहीत आहे." घरी येऊन बघितलं तर सातही पँटा तशाच होत्या. काळीसुद्धा. मी म्हटलं, मी स्वतः घालतो पक्के. तर घरातल्या सुया सापडेनात, आणि मला तेव्हा खाली वाकायची, पलंगाखाली बघायची मनाई होती. तिने त्या पर्समध्ये घालून कामाच्या खिडकीवर नेल्या होत्या, हे मला पुढे कळलं.

मग मी दोन महिने ते टाके घालून हिंडलो. सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. आधी जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. डावा पाय खरोखर नवा होता. तो दुखत नव्हता, हे कळायलाच मला काही दिवस लागले. एखादा आवाज बंद झाल्यावर कळतो तसं. उजवा मात्र आता एकट्याने ओरडत होता. आणि अपेक्षेप्रमाणे मला वाटायला लागलं, चाललंय की. काठी घेऊन बरं चाललंय. दुखणं निम्मं झालंय. पण प्रत्येक पावलाला उजव्या बुटावर ते पांढरे टाके पुढे यायचे. औषधवाला म्हणाला, काका, पँट फाटली वाटतं. समोरच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्याने थांबवून सांगितलं की शिंपी दोरा काढायचा विसरलाय. मला त्याला सांगावंसं वाटलं, की शिंपी मीच. दुकानातून भेटायला काजवाल्या बाई आल्या, त्यांनी टाक्यांकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि चहा होईपर्यंत बाईंचा चेहरा हसू दाबल्यासारखा राहिला. हिने मात्र त्या दोन महिन्यांत दुसऱ्या ऑपरेशनचा शब्द एकदाही काढला नाही. ती कामावरून यायची, पर्स लावायची, माझे बूट काढायला वाकायची, आणि उजव्या मोहरीचा एखादा टाका सैल झाला असेल तर तेवढाच पुन्हा घालायची. पांढऱ्याच दोऱ्याने. मी खाली तिच्या डोक्याकडे बघत राहायचो. भांगात केस विरळ झाले होते, हेही मी त्याच दिवसांत बघितलं.

नवव्या आठवड्यात एका सकाळी, ती कामावर गेल्यावर, मी हॉस्पिटलला फोन लावला आणि स्वतः तारीख मागितली. त्या फोनवरच्या बाईने विचारलं, कोणता पाय? मी म्हटलं, कच्चा. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, उजवा. संध्याकाळी हिला सांगितलं तेव्हा तिने बरं म्हटलं, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. पाणीखात्यात असून तिने नळ असा वाहू दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळी टॅक्सीने गेलो. हॉस्पिटलच्या दारात, पायऱ्यांच्या आधी, मी थांबलो, काठी हिच्याकडे दिली आणि कठड्याला टेकून उजवा पाय कसाबसा वर घेतला. कच्च्या टाक्याचं एक बरं असतं. गाठ एकाच टोकाला असते, ती तोडून दुसऱ्या टोकाने ओढलं की सगळा दोरा एका दमात बाहेर येतो. मी ओढला. मोहरी उलगडली आणि दुमडलेलं चार बोटं कापड बुटावरून खाली घसरून जमिनीला लागलं. ही म्हणाली, अहो, लोळतंय ते, धरा वर. मी म्हटलं, लोळू दे. पांढरा दोरा मी तिच्या हातात दिला, तिचा दंड धरला, कोण बघतंय हे न बघता, आणि पँट पायऱ्यांवरून ओढत आम्ही आत गेलो.